सोलापूरहून भूमध्य समुद्रात यॉट भाड्यानं घ्यायचीय? बोट सगळ्यात शेवटी बघा

आधी बोटींचे फोटो बघणं बंद करा. पांढरीशुभ्र बोट, वर जकुझी, मागं समुद्रात सोडलेली घसरगुंडी आणि खाली आठवड्याचा रेट, हे कुणीतरी फॅमिली ग्रुपवर टाकतंय आणि पाच मिनिटांत "चल बे, जायचंच" सुरू होतंय. आमच्याकडं हे काम दिरांचं. पण यॉटच्या ट्रिपमध्ये बोट सगळ्यात शेवटी ठरवायची असते. कोण कोण येणार ते आधी, मग महिना आणि त्या महिन्यात तिथला वारा, मग किनारा, आणि हे सगळं झाल्यावर बोट. उलट्या क्रमानं गेलं की पैसे तेवढेच जातात आणि सासूबाई चार दिवस कॅबिनमध्ये उलटीची पिशवी धरून पडून राहतात.

मी लिहितेय ते क्रू असलेल्या चार्टरबद्दल, म्हणजे बोट भाड्यानं घ्यायची, कॅप्टन, शेफ, एखादी होस्टेस असं सगळं बोटीबरोबरच येतंय आणि आपण नुसतं जाऊन बसायचं. दुसरा प्रकार बेअरबोट, त्यात बोट स्वतः चालवायची, लायसन्स लागतंय, क्रोएशियात वर रेडिओचं सर्टिफिकेट पण मागतात. आपल्या हिप्परग्याच्या तलावाकाठी वाढलेल्या माणसांनी त्या वाटेला जाऊ नये एवढंच म्हणते.

माणसं. बोट कितीही मोठी असली तरी चार्टर यॉटवर बहुतेक ठिकाणी १२ पाहुण्यांच्या वर घेत नाहीत, त्यापुढं प्रवासी जहाजाचे नियम लागतात. त्यामुळं "अजून मावशींना पण घेऊ की, ॲडजस्ट होतंय" हे इथं चालत नाही, बंदरावर क्रू लिस्ट दिलेली असते आणि त्यात प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच लागतंय. आठ-दहा जण असाल तर ते सगळ्यात सोयीचं, चार-पाच कॅबिनची बोट सहज मिळते. आणि कॅबिन म्हणजे हॉटेलची खोली नव्हे, पलीकडचा घोरतो ते अलीकडं ऐकू येतंय, तेव्हा कुणाला कुणाशेजारी ठेवायचं हे घरातल्या बायकांनी आधीच ठरवलेलं बरं.

वयस्कर माणसं असतील तर त्यांचे गुडघे कसे आहेत ते विचारा, चेष्टा नाही. तिकडं बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत, मागची बाजू धक्क्याकडं करून लावतात आणि मधल्या फटीवर एक अरुंद फळी टाकतात, तिला पॅसरेल म्हणतात. तीवरून चढायचं, उतरायचं, रात्री जेवून परत यायचं. जिथं नांगर टाकून बोट मध्येच उभी असते तिथं छोट्या रबरी होडीत उतरून किनाऱ्यावर जायचं. ज्यांना रिक्षात चढताना हात द्यावा लागतो त्यांनी हे मनात धरूनच हो म्हणावं.

आता महिना. इथं आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तिकडचा सीझन जुळत नाही, तीच खरी पंचाईत. तिकडं मे ते ऑक्टोबर बोटी चालतात, जुलै-ऑगस्टला सगळं युरोप सुट्टीवर असतंय, रेट वर, बंदरं गच्च. आपल्याला मोकळं मिळतंय मेमध्ये, आणि तेव्हा हवा छान असते, गर्दी नसते, बोट बऱ्यापैकी स्वस्त मिळते, पण पाणी गार असतंय, अठरा-वीस डिग्री धरा. त्रेचाळीस डिग्रीतून गेलेला सोलापूरकर त्यात पाय घातल्या घातल्या किंचाळतोय. पोरांना शाळा बुडवून नेणं जमत असेल तर जून किंवा सप्टेंबर. माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा, सगळा उन्हाळा तापलेलं पाणी अजून कोमट असतंय आणि गर्दी ओसरायला लागलेली असते. गणपती बघून तारीख ठरवा म्हणजे झालं. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नको, तोवर बहुतेक बोटी मरीनात जाऊन बसलेल्या असतात.

वाऱ्याकडं आपण लक्षच देत नाही कारण आपल्याकडं वारा म्हणजे उकाड्यावरचा उतारा. तिकडं वाऱ्यांना नावं आहेत. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी वाहतो, उत्तरेकडून, आकाश निळंशार आणि वारा मात्र कधी कधी दिवसच्या दिवस थांबत नाही, बोटी बंदरात अडकून पडतात. मिकोनोस-सांतोरिनीचे जे फोटो आपण बघतो तो हाच पट्टा. शिवाय सांतोरिनीच्या त्या प्रसिद्ध कड्याखाली समुद्र इतका खोल आहे की नांगर तळाला पोचत नाही, म्हणजे यॉट घेऊन जायला ते ठिकाण दिसतंय तेवढं सोयीचं नाही, तिथं हॉटेलात राहून या. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि सार्डिनियाकडं मिस्त्राल असतो, तो पण उत्तरेकडचा आणि तो पण रागीट. क्रोएशियात बोरा नावाचा जोरदार वारा आहे पण त्याचा खरा जोर थंडीत, उन्हाळ्यात तिथं दुपारी माएस्त्राल येतो तो गोड आहे, शिडाच्या बोटीला हवा तेवढाच.

म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्या, त्यातून घरचे सगळे घेऊन जाणाऱ्यांना मी दोनच नावं सांगते. एक क्रोएशिया, स्प्लिटहून सुटायचं. दुसरं ग्रीसच्या पश्चिमेचा आयोनियन समुद्र, कॉर्फू, पॅक्सोस, लेफकाडा, केफालोनिया, इथाका, तिथं मेल्टेमीचा त्रास नाही, बेटं जवळजवळ. अथेन्सहूनच निघायचं असेल तर सारोनिक आखात, एजिना, पोरोस, हायड्रा. एजिनाचे पिस्ते प्रसिद्ध आहेत आणि हायड्रात गाड्याच नाहीत, सामान गाढवावरून जातंय.

स्प्लिटचा एक आठवडा कसा दिसतो ते सांगते म्हणजे अंदाज येईल. चार्टरचा आठवडा शनिवार ते शनिवार, संध्याकाळी पाचच्या सुमारास बोटीवर चढायचं आणि पुढच्या शनिवारी सकाळी नऊला उतरायचं, म्हणजे शुक्रवारी रात्रीच बोट परत बंदरात, हे लक्षात ठेवा, सात रात्री असल्या तरी फिरायला सहाच दिवस. स्प्लिटमध्ये रोमन सम्राट डायोक्लेशनचा राजवाडा आहे, त्याच्या आतच आजचं शहर वसलंय, माणसं राहतात, दुकानं आहेत, १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत. तिथून ब्राच बेट, त्याच्या बोल गावाजवळ झ्लात्नी रात म्हणून बीच आहे, समुद्रात घुसलेलं बारीक खड्यांचं टोक, वाऱ्या-प्रवाहाप्रमाणं त्याचा शेंडा इकडंतिकडं वळतो. मग ह्वार आणि समोरची पाक्लेनी बेटं. ह्वार गाव रात्री जागतंय, म्हातारी माणसं असतील तर रात्रीचा नांगर पाक्लेनीकडं टाका. मग विस, हे युगोस्लाव्हियाच्या काळात लष्करी बेट होतं, १९८९ पर्यंत परदेशी माणसाला येऊच देत नव्हते, त्यामुळं तिथं अजून हॉटेलांची गर्दी कमी. विसच्या शेजारच्या बिशेवो बेटावर निळी गुहा आहे, सकाळी अकरा ते बाराच्या आसपास पाण्याखालच्या भोकातून ऊन आत येतंय आणि आतलं सगळं निळं उजळतंय, वेळ चुकली तर अंधारी गुहा बघून परत. आणि वारा असला तर गुहा बंदच ठेवतात.

एवढं पुरे. कोर्चुला, म्ल्येत, दुब्रोव्हनिक पण यात घाला म्हणणारे असतात, त्यांना सांगा की शिडाचा कॅटामरान (दोन सांगाड्यांची रुंद बोट) तासाला सात-आठ नॉट जातो, म्हणजे तेरा-चौदा-पंधरा किलोमीटर, आपल्या पंढरपूर रोडवरचा ट्रॅक्टर बरा. रोज तीन-चार तासांच्या वर बोट चालवली की सुट्टी राहत नाही. दुब्रोव्हनिकला जायचंच असेल तर बोट तिकडंच सोडायची बोली करा, तिचे वेगळे पैसे पडतात.

आत्ता आली बोट. कॅटामरान म्हणजे दोन पायांची बोट, पाण्यात दोन वेगळे सांगाडे, रुंद, सपाट, कमी डुलते, पुढं जाळी ताणलेली असते तिच्यावर पोरं दिवसभर लोळतात. फॅमिलीला हीच. एका पायाची शिडाची बोट वाऱ्यात कलते, तेच तिचं सुख आहे असं शौकीन म्हणतात, आपल्या काकूंना ते सुख नको असतंय. मोटर यॉट दिसायला राजेशाही, पण वेगात पळवली तर मोठी असेल तर तासाला शेकड्यानं लिटर डिझेल पिते आणि ते डिझेल तुमच्या खिशातून. चौथा प्रकार गुलेत, तुर्कस्तानची लाकडी बोट, बोद्रुम, गोजेक, फेथिये भागात, मागं भलंमोठं जेवणाचं टेबल, गाद्या टाकलेला डेक, मोठ्या कुटुंबाला ही बोट फार मानवते आणि त्याच पैशात जास्त जागा मिळते. शिडं असतात पण बहुतेक वेळ इंजिनावरच चालते.

बोट बघताना जकुझी बघू नका, तीन गोष्टी विचारा: एसी रात्रभर चालतो का (जनरेटर रात्री बंद करतात का), वॉटरमेकर म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन आहे का, आणि याच क्रूनं मागचा सीझन याच बोटीवर केलाय का. बोट साधी आणि क्रू मुरलेला असला तर ट्रिप सोन्याची होते, हे उलटं कधी होत नाही.

पैसे. इथंच सगळ्यांचा घोळ होतो, कारण लिहिलेला रेट हा बहुतेक वेळा फक्त बोट आणि क्रूचा असतो. त्यावर टॅक्स, क्रोएशियात १३ टक्के, फ्रान्समध्ये २०, स्पेनमध्ये २१, इटलीत २२. त्यावर एपीए, म्हणजे खर्चासाठी आगाऊ द्यायची उचल, रेटच्या २५ ते ४० टक्के, त्यातून कॅप्टन डिझेल, किराणा, दारू, बंदराचं भाडं भागवतो, बिलं ठेवतो, उरलं तर परत देतो, कमी पडलं तर मागतो. त्यावर टीप, भूमध्य समुद्रात ५ ते १५ टक्के द्यायची पद्धत आहे. आता हिशेब मांडा. आठ जणांसाठी कॅटामरान, रेट २०,००० युरो. टॅक्स २,६००. एपीए ३० टक्के म्हणजे ६,०००. टीप १० टक्के, २,०००. झाले ३०,६००. युरो शंभर रुपये धरला तरी तीस लाखांच्या वर, माणशी तीन लाख ऐंशी हजार, आणि विमान, व्हिसा, आधीच्या-नंतरच्या रात्रीचं हॉटेल यात नाही. दिरांनी ग्रुपवर टाकलेला आकडा "वीस लाख, माणशी अडीच" असा असतो. सगळ्यांना पहिल्या दिवशीच खरा आकडा सांगा, नंतर नातेवाइकांकडून वर पैसे मागणं म्हणजे काय असतंय ते मी सांगायला नको. काही गुलेत आणि काही कॅटामरान जेवणासकट रेट देतात, तेव्हा तुलना करताना काय धरलंय काय नाही हे लिहून घ्या.

ॲग्रीमेंट मायबाच्या नमुन्यातलं आहे का विचारा. मायबा ही १९८४ मध्ये स्थापन झालेली यॉट ब्रोकरांची संघटना, तिचा करारनामा या धंद्यात सगळीकडं चालतो, विशेषतः मोठ्या बोटींना. लहान बोटींना कंपनीचा स्वतःचा करार असतो, तो तर जास्तच नीट वाचा. साधारण सह्या होताना निम्मे पैसे आणि बाकीचे एपीएसकट निघायच्या महिनाभर आधी. पैसे कंपनीच्या खात्यावरच जाऊ द्या. "थेट मालकाच्या खात्यावर टाका, दहा टक्के कमी करतो" असा फोन आला तर फोन ठेवून द्या.

परदेशात पैसे पाठवायला बँकेत पॅन आणि ए-टू फॉर्म लागतो, एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, आणि त्यावर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा टॅक्स) कापू शकतात, तो रिटर्न भरताना जमेला धरता येतो. दर आणि मर्यादा बजेटमध्ये बदलत राहतात, सीएला आधी गाठा. आणि एकाच्याच नावावर सगळं पाठवण्यापेक्षा ज्याच्या त्याच्या खात्यातून ज्याचा त्याचा हिस्सा जाईल का हे त्यालाच विचारा, पुढची भांडणं वाचतात.

व्हिसा. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आला आणि युरो पण तेव्हापासूनच, त्यामुळं जुन्या माहितीत कुना (तिथलं जुनं चलन) वगैरे वाचलं तर सोडून द्या. फी ९० युरो मोठ्यांना, इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि करावाच, कारण एप्रिल-मेमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाहीत. जिथं जास्त रात्री काढणार त्या देशाकडं अर्ज. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईला जावं लागणार, मागच्या पाच वर्षांत दिले असतील तर बहुतेक परत लागत नाहीत, तरी केंद्रात विचारा. राहण्याचा पुरावा म्हणून चार्टरचा करार आणि नावांची यादी जोडा, सोबत पहिल्या-शेवटच्या रात्रीचं हॉटेल. ग्रीसहून तुर्कस्तानात डोकावायचं असेल तर तो शेंगेनच्या बाहेर आहे, परत यायला मल्टिपल एंट्री पाहिजे. तुर्कस्तानचा स्वतःचा वेगळा व्हिसा.

शनिवारी बोटीवर चढायचंय तर गुरुवारी-शुक्रवारी तिथं पोचा. सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच रात्रीचं विमान धरलं तरी चालतंय, पण पलीकडं एक मोकळी रात्र ठेवाच, बॅगा मागं राहिल्या तर बोट थांबते पण तुमचे तास मोजले जातात.

आता माझा आवडता भाग, प्रेफरन्स शीट. निघायच्या महिना-दीड महिना आधी एक फॉर्म येतो, काय खाता, काय खात नाही, काय पिता, वाढदिवस कुणाचा, कुणाला पोहता येत नाही. आपले लोक यात "व्हेज" लिहून पाठवतात आणि मग पहिल्या दिवशी सूपमध्ये माशाचा रस्सा निघतो. तिकडं शाकाहारी म्हटलं की बऱ्याच जणांना मासे चालतात असं वाटतंय. फोडून लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, माशाचं सॉस नाही, हाडांचं पाणी नाही, जिलेटिन नाही. चीज चालतंय का तेही ठरवा, पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतंय. आमचे सासरे माळकरी, त्यांच्यासाठी कांदा-लसूण नाही ही वेगळी ओळ आणि एकादशीची तारीख लिहून खाली: या दिवशी धान्य नाही, बटाटा चालेल, दूध-दही चालेल, फळं, शेंगदाणे चालतील. शेफ लोकांना अशी यादी आवडते, त्यांना राग येतो तो न सांगितल्याचा. उपासाच्या दिवशी बटाट्याचा असा एक प्रकार ऑलिव्ह तेलात करून दिला आमच्या शेफनं की सासरे म्हणाले, पुढच्या एकादशीला पण हाच.

बरोबर काय न्यायचं. शेंगा चटणी, कडक भाकरी, साबुदाणा, मेतकूट, काळा मसाला, हे बिनधास्त. कडक भाकरी तर अशा ट्रिपसाठीच जन्माला आलीय, दमट हवेत फक्त डबा घट्ट लावा. पेढे, खवा, तूप, बर्फी मात्र नको, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात नेता येत नाहीत. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, लिंबं पण नको, ताजी पानं-फळं बिनकागदाची अडवतात. मिरची तिथंच मिळते, तिखट कमी एवढंच.

बॅगा मऊ घ्या, घडी होणाऱ्या. कडक चाकाची सुटकेस बोटीत ठेवायला जागाच नसते आणि कॅप्टनचं तोंड वाकडं होतंय. चपला-बूट चढतानाच टोपलीत काढायचे, डेकचं लाकूड महाग असतंय, सगळे अनवाणी, हे आपल्याला सोपं जातंय. रबरी तळव्याचे पाण्यातले बूट जरूर घ्या, खडकांवर काटेरी समुद्री प्राणी बसलेले असतात, पाय पडला की काटे आत मोडतात. चादर-टॉवेल बोटीवर मिळतात, सोलापूरचे असूनही नेऊ नका. बोट लागते त्यांच्यासाठी गोळी डॉक्टरांना विचारून, आणि ती लागायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. उभं राहायचं तर बाहेर, नजर लांबच्या क्षितिजावर, कॅबिनमध्ये जाऊन मोबाइल बघितलात की संपलं.

बोटीवर दोन नियम कडक. टॉयलेटमध्ये कागद टाकायचा नाही, बारीक पाइप असतो, तुंबला तर आख्ख्या बोटीला कळतंय कुणाची कॅबिन. आणि अंघोळ दोन मिनिटांत, टाकीतलं पाणी मोजकं असतंय. दिवसाआड पाणी बघितलेल्या सोलापूरकराला हे शिकवावं लागत नाही, पुण्यातली भावंडं बरोबर असली तर त्यांना शिकवा.

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळं सकाळी उठलं की शिडीवरून थेट पाण्यात. खारं पाणी अंग उचलून धरतंय, विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पहिल्यांदा गंमत वाटते. पण खाली तळ नाही, तेव्हा न पोहणाऱ्यांना जॅकेट, आणि पोरांच्या मापाची जॅकेटं आहेत का हे प्रेफरन्स शीटमध्येच विचारून ठेवा. उद्या कुठं जायचं हे रोज रात्री जेवणानंतर कॅप्टनशी बोला, आणि तो वाऱ्यामुळं नको म्हणाला तर वाद घालू नका, "पैसे दिलेत की" हे वाक्य तिथं चालत नाही, करारात पण शेवटचा शब्द त्याचाच असतो. बंदरातली गर्दी टाळायची असेल तर क्रोएशियात खाडीतल्या घरगुती खानावळींसमोर, त्यांना कोनोबा म्हणतात, बऱ्याच ठिकाणी त्यांचे बोट बांधायचे बोये, म्हणजे पाण्यावर तरंगते गोळे, असतात, तिथं जेवलात तर बांधायचे पैसे घेत नाहीत. कॅप्टनला चांगली कुठली ते माहीत असतंय.

शेवटच्या संध्याकाळी कॅप्टनकडून एपीएचा हिशेब मागा, वहीत सगळी बिलं लावलेली असतात, बघायला लाजू नका, त्याला सवय असते. टीप रोख, एकाच पाकिटात कॅप्टनच्या हातात, तो क्रूमध्ये वाटतो, प्रत्येकाला वेगवेगळी दिली की त्यांच्यात कुरबुर होते. उरलेले एपीएचे पैसे तिथंच रोख मिळाले तर ठीक, नाहीतर कंपनीमार्फत खात्यावर यायला वेळ लागतो, तेव्हा हिशेबाच्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि घरी आल्यावर सीएकडं द्या.